पेव : दख्खनच्या भुईतले कोठार

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे आणि रुंद पोटाचे धान्याचे कोठार. वरून पाहणाऱ्याला एक माणूस जेमतेम उतरेल एवढे त्याचे तोंड तेवढे दिसे, आणि तेही बहुधा दगडी चिपेखाली व मातीच्या थराखाली झाकलेले असे. आत मात्र ते रांजणासारखे फुगत जाई आणि त्याच्या पोटात लहानमोठ्या आकाराप्रमाणे एखाद्या खंडीपासून अनेक खंड्यांपर्यंत ज्वारी मावे. खंडी म्हणजे वीस मण आणि मण म्हणजे चाळीस शेर, हे जुन्या मापांचे कोष्टक लक्षात घेतले, तर एका कुटुंबाचे वर्षभराचे अन्न आणि वर थोडी शिल्लक एवढा साठा एका मध्यम पेवात सहज राहू शके, हे कळते. पुणे, नगर, सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत आणि मराठवाड्यात ही पद्धत रुजलेली होती. सीमेपलीकडे कन्नड मुलखात तिला हगेव म्हणत आणि तेलुगू मुलखात पातर म्हणत. आज हा शब्द बहुतेकांच्या कानांवर ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारातूनच येतो, आणि ज्या वस्तूवरून तो घडला ती वस्तू पाहिलेली माणसे खेड्यांतूनही कमी होत चालली आहेत. परंतु अवर्षणाच्या प्रदेशात गाव तग कसे धरून राहत होते, हे समजून घ्यायचे असेल, तर या खड्ड्याचा इतिहास नीट पाहावा लागतो.

जमिनीच्या पोटात अन्न जपण्याची युक्ती जगातील अनेक समाजांना सुचली, पण हवामानाप्रमाणे तिची रूपे वेगळी झाली. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर एलिस्टन नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथे बटाटे, सलगम, गाजरे ही कंदमुळे कडक हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून टेकडीच्या उतारात दगडी भिंतींची तळघरे बांधली गेली, आणि अशी शंभराहून अधिक तळघरे त्या एका गावात आहेत. अशा तळघरातील कंद जिवंत असतात, त्यांचा श्वास चालू असतो, म्हणून तळघराला दार आणि हवेला वाट ठेवावी लागते. पेवाचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे : त्यात वाळलेले धान्य ठेवायचे आणि हवेची वाट पुरती बंद करायची. हेही तत्त्व पुरातन आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक वारो याने कापाडोकिया आणि थ्रेस या प्रदेशांतील अशा धान्यखड्ड्यांचे वर्णन केले असून, हवा आत जाऊ दिली नाही तर गहू पन्नास वर्षे आणि बाजरीसारखे बारीक धान्य शंभर वर्षांहून अधिक टिकते, असे म्हटले आहे. ही वर्षे अतिशयोक्त असली तरी त्यामागचा अनुभव खरा आहे, आणि तोच अनुभव दख्खनच्या शेतकऱ्यानेही स्वतःच्या वाटेने मिळवला होता.

महाराष्ट्रात भुईत धान्य ठेवण्याचे पुरावे तीन हजार वर्षांहून जुने आहेत. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले; ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नावांशी निगडित असलेल्या या कामातून इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन खेडे, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वसाहत, मोठ्या प्रमाणावर उजेडात आली. घरांच्या आत व आजूबाजूला धान्य साठवण्याचे खड्डे सापडले आणि त्यांतील काहींना आतून चुन्याचा गिलावा केलेला होता. कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे होते. आणि गावाच्या प्रमुखाचे मानले गेलेले जे घर होते, त्याला लागूनच एक धान्यकोठार होते. इनामगावच्या खड्ड्यापासून पेशवाईतील पेवापर्यंत परंपरेचा अखंड धागा दाखवता येईल असे नाही. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे समान दिसते : पाऊस बेभरवशाचा असलेल्या या मुलखात मनुष्याने शेती सुरू केली तेव्हाच साठवणही सुरू केली, आणि साठवणीबरोबरच साठा कोणाच्या दाराशी असावा हा प्रश्नही सुरू झाला.

पेव कोठे खणायचे, हे जमीन ठरवीत असे. मराठी खेड्याच्या भाषेत जमिनीचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे ज्यावर घरे वसतात ते गावठाण. काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात, त्यामुळे तिच्यात खणलेले पेव ओलही धरते आणि फाटतेही. पांढरीची चिवट माती, किंवा तिच्याखालचा घट्ट मुरूम, मात्र खणल्यावर जागेवर उभा राहतो, त्याला भेगा पडत नाहीत आणि गावठाण बहुधा उंचवट्यावर असल्याने पावसाचे पाणी तेथे साचत नाही. म्हणूनच पेवे शेतात नसत, ती गावात असत : वाड्याच्या चौकात, घरासमोरच्या अंगणात, गढीच्या आसऱ्याला किंवा वेशीच्या आतल्या मोकळ्या जागेत. धान्य गावाच्या मध्यात, सर्वांच्या पायांखाली आणि तरीही कोणाच्या दृष्टीस न पडता असे, ही पेवाची मांडणी केवळ भूगर्भाच्या सोयीची राहिली नाही, तिला संरक्षणाचाही अर्थ आला.

पेव तयार करणे हे घाईने उरकण्याचे काम नव्हते. प्रथम विहिरीसारखा अरुंद गळा खणून घ्यायचा, मग खाली जाता जाता चारी बाजूंनी पोट वाढवीत न्यायचे आणि माती पाट्यांनी वर काढायची, अशी खणतीची रीत होती. पोट वाढवताना वरची कमान कोसळू नये म्हणून तिचा बाक हळूहळू साधावा लागे. खणून झाल्यावर भिंती चोपून गुळगुळीत करीत, शेण आणि मातीने लिंपीत, आणि आत काड पेटवून जाळ करीत, कारण त्या धगीने भिंतीतील ओल निघून जाई, लिंपण आवळून येई आणि किडीची अंडीही मरत. भरणी चैत्र-वैशाखात होई. रब्बीची ज्वारी, म्हणजे थंडीत वाढणारा शाळू, फाल्गुनाच्या सुमारास खळ्यावर येई. मळणी, उफणणी होऊन रास पडली की ती उन्हात इतकी वाळवीत की दाणा दाताखाली धरला असता कटकन फुटावा. दाणा दबला पण फुटला नाही, तर तो अजून पेवात जाण्याजोगा झालेला नाही, असे समजत. मग पेवाच्या बुडाशी कडब्याचा किंवा गव्हाच्या काडाचा जाड थर घालीत, भिंतीच्या कडेने काड उभे करीत, त्यात लिंबाचा पाला मिसळीत आणि वरून धान्य ओतीत. धान्य जसजसे चढे तसतसे कडेचे काडही चढवीत नेत, म्हणजे दाणा मातीला कोठेच टेकत नसे. गळ्यापर्यंत भरणी झाली की वर पुन्हा काड, त्यावर चीप आणि त्यावर चिखलाचे लिंपण करून मातीचा लहानसा उंचवटा करीत, जेणेकरून आषाढातले पाणी तोंडावर न थांबता बाजूला वाहून जावे.

या सगळ्या खटाटोपामागे जे शास्त्र होते ते आज नीट सांगता येते. तोंड बंद झाल्यावर आत जी थोडी हवा उरते, तिच्यातला ऑक्सिजन धान्य, बुरशी आणि कीड मिळून वापरून टाकतात आणि त्यांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आत साचत जातो. ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे दोन ते तीन टक्क्यांच्या खाली गेले की सोंडे आणि टोके हे धान्यातले किडे जगू शकत नाहीत. म्हणजे कीड स्वतःच्याच श्वासाने स्वतःचा अंत ओढवून घेते आणि कोणतेही औषध न घालता धान्य सुरक्षित राहते. यासाठी दाण्यातील ओलावा साधारण बारा टक्क्यांच्या आसपास असावा लागतो, आणि दाताखाली दाणा फोडून पाहण्याची परीक्षा म्हणजे ओलावा मोजण्याचीच एक रीत होती. शिवाय जमिनीत काही हात खोल गेल्यावर तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखे राहते, त्यामुळे वर वैशाखाचा वणवा असो की पौषाची थंडी, पेवातल्या दाण्याला त्याची फारशी झळ लागत नसे. अर्थात पेव निर्दोष नव्हते. भिंतीला लागून असलेला धान्याचा थर ओल खाऊन काळा पडे आणि फेकून द्यावा लागे किंवा जनावरांपुढे जाई; आतल्या चांगल्या धान्यालाही एक कुबट वास लागे, तो भाकरीलाही येई आणि कोणाला खपे, कोणाला खपत नसे. दाण्याची उगवणशक्तीही अशा कोंडलेल्या जागी कमी होई. म्हणून पेरणीचे बी पेवावर सोपवीत नसत. ते राख मिसळून मडक्यांत वेगळे जपत.

पेव उघडणे हा जोखमीचा आणि गावाच्या जीवनातला ठळक प्रसंग असे. आत साचलेला वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तोंड उघडले तरी तो लगेच निघून जात नसे, आणि घाईने उतरलेला माणूस क्षणात गुदमरून खाली कोसळे. त्याला काढायला गेलेला दुसराही तसाच जाई. अशा मृत्यूंनी शिकवलेली शिस्त कडक होती. तोंडावरची माती काढून चीप सरकवायची आणि पेव पुरेसा वेळ तसेच उघडे ठेवायचे. मग दोरीला बांधून जळता कंदील खाली सोडायचा, आणि तो विझला तर कोणीही आत पाय ठेवायचा नाही. लिंबाच्या डहाळ्या किंवा घोंगडी दोरीने वरखाली हलवून आतली हवा ढवळायची, पुन्हा कंदील सोडायचा, आणि ज्योत बुडापर्यंत तेवत राहिली तरच कमरेला दोर बांधून माणूस उतरवायचा. हा दोर वर धरून बसणारी माणसे विश्वासातली असावी लागत, कारण उतरणाऱ्याचा जीव त्यांच्या लक्षावर अवलंबून असे.

एकदा उघडलेले पेव पुन्हा पूर्वीसारखे बंद करता येत नसे, कारण साचलेला वायू गेला की त्याबरोबर धान्याचे संरक्षणही जाई. त्यामुळे पेव उघडले म्हणजे त्यातले सारे धान्य थोड्या दिवसांत बाहेर काढावे लागे आणि ते विकणे, उसने देणे, बलुत्याची बाकी भागवणे किंवा वाटणे भाग पडे. आषाढ-श्रावणात घरोघरच्या कणग्या तळाला गेलेल्या असताना एखाद्याचे पेव उघडले की गावात एकाएकी दाण्यांची रेलचेल होई. एखादी गोष्ट अचानक आणि उदंड दिसू लागणे या अर्थाने ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग जो रूढ झाला, त्याचे मूळ या प्रसंगात असल्याचे स्पष्ट दिसते. आज हा प्रयोग बहुधा नकोशा गोष्टींच्या सुळसुळाटासाठी होतो. ज्यांनी तो घडवला त्यांच्या तोंडी मात्र तो भुकेच्या दिवसांतल्या सुटकेचा शब्द होता.

पेव हे साठवणीच्या एका मोठ्या कुळातले होते, आणि प्रत्येक साधनाचे काम ठरलेले असे. रोजच्या वापराचे धान्य कणगीत असे. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची किंवा तुराट्यांची विणून शेणाने सारवलेली उंच पाटी. मराठवाड्यातील जाड मातीच्या भिंतींच्या आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत बळद असे. ते घराच्या आतच बांधलेले धान्याचे बंदिस्त दालन असून त्याला वरून भरण्याचे आणि खालून काढण्याचे तोंड असे. कोकणात अतिपावसामुळे जमीन खणून धान्य ठेवणे शक्यच नव्हते, म्हणून तेथे भाताच्या पेंढ्यात तांदूळ घट्ट बांधून मुड्या करीत. या साऱ्यांत पेवाचे स्थान दीर्घ मुदतीच्या ठेवीचे होते. कणगी या वर्षासाठी असे, पेव पुढच्या वर्षासाठी. आणि पुढच्या वर्षी पाऊस पडेलच अशी खात्री दख्खनमध्ये कोणत्याच पिढीला नव्हती.

राज्यसंस्थेनेही साठवणीचे हे महत्त्व ओळखले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराचा, म्हणजे सरकारी कोठाराचा, स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे आणि जमा धान्याचा अर्धा भाग प्रजेवरील आपत्तीसाठी राखून ठेवावा, जुने काढून त्या जागी नवे भरत राहावे, असा नियम घालून दिला आहे. पन्हाळगडावरील अंबारखाना हे या राजकीय साठवणीचे महाराष्ट्रातील सर्वांत भव्य उदाहरण होय. गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांच्या तेथील तीन दगडी कोठ्यांपैकी गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगितले जाते. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा गडाला पडला, तो काही महिने चालला, आणि एवढा काळ शिबंदी लढू शकते ती अशाच कोठारांच्या बळावर. पण अंबारखाना राज्याचा आणि शिबंदीचा होता, पेव रयतेचे होते. या दोहोंमधले अंतर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत जनमनाने नेमके टिपले आहे. पंधराव्या शतकातील दुष्काळात बहामनी राजवटीच्या या अधिकाऱ्याने सरकारी धान्य भुकेल्यांना खुले केले आणि त्याची भरपाई विठ्ठलाने महाराच्या वेशात जाऊन केली, ही कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून ऐकली. साठलेल्या धान्यावर पहिला हक्क भुकेचा आहे, हा निवाडा त्या कथेने लोकांच्या वतीने देऊन ठेवला आहे. ज्या मंगळवेढ्याची ज्वारी आजही आपल्या कसासाठी ओळखली जाते आणि जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच मातीत ही कथा जन्मली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अशांततेच्या काळात पेवाचा आणखी एक गुण उपयोगी पडे. गवताने शाकारलेल्या घरांच्या गावात आग लागली तर कणग्या जळत, परंतु भुईतल्या धान्याला आच लागत नसे. फौज गावावरून गेली तर वरवरचे सारे लुटले जाई, पण सपाट केलेल्या अंगणाखालचा साठा माहीतगाराच्या मदतीवाचून सापडणे कठीण असे. १८०३-०४ च्या दुष्काळात अवर्षणाच्या जोडीला होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या लुटीने दख्खनची दैना झाली. अशा दिवसांत गाव सोडून गेलेले कुटुंब परत येऊन आपले पेव शाबूत आहे का हे पाहत असेल, तेव्हा त्या एका खड्ड्यावर त्याचे पुन्हा वसणे अवलंबून असे. तरीही पेवाच्या शक्तीला मर्यादा होत्या. एका वर्षाची नापिकी ते सोशी, कदाचित दुसऱ्या वर्षाचीही. पण १६३० ते १६३२ सारखा लागोपाठचा दुष्काळ आला की पेवेही रिकामी होत. त्याच दुष्काळात देहूच्या तुकोबांचा वाणसवदा बुडाला आणि घरातील माणसे अन्नान्न करीत गेली.

पेवाचा इतिहास सांगताना त्याची काळी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पेव खणायला जागा लागे, ते भरायला शिल्लक धान्य लागे, आणि ज्याचे हातावर पोट होते त्याच्याकडे या दोन्ही गोष्टी नसत. मोठी पेवे पाटील, देशमुख आणि सावकार यांची असत, आणि त्यांतूनच वाढीदिढीचा व्यवहार चाले. वाढीदिढी म्हणजे पावसाळ्यात धान्य उसने द्यायचे आणि सुगीला ते सव्वापटीने किंवा दीडपटीने परत घ्यायचे. आषाढात नेलेल्या एक मणाचे माघात दीड मण फेडताना गरीब कुळाची रास खळ्यावरच निम्मी होई, आणि मग पुढच्या आषाढात त्याला पुन्हा त्याच दाराशी उभे राहावे लागे. धान्य गावातच राहिले तरी त्यावरची मालकी मूठभरांची असे. पेव गावाला जगवीत असे हे खरे आणि तेच पेव कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या बांधूनही ठेवीत असे, हेही तितकेच खरे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या व्यवस्थेचा पाया हलला. रयतवारीच्या नव्या जमाबंदीत सारा रोख भरावा लागे, त्यामुळे सुगी होताच धान्य विकून पैसा उभा करणे शेतकऱ्याला भाग पडले. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत आणि १८६० मध्ये सोलापुरापर्यंत आगगाडी आली, आणि पूर्वी बैलांच्या पाठीवरून सावकाश हलणारे धान्य आता दूरच्या पेठांतील भावाकडे ओढले जाऊ लागले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि ज्वारीच्या रानांत कापूस शिरला; युद्ध संपताच भाव कोसळले, पण कर्ज राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या उठावाच्या मुळाशी हीच कोंडी होती. लगेच पुढे १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ कोसळला, तेव्हा गावांची जुनी शिल्लक आधीच पातळ झालेली होती, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्या काळात खेड्यापाड्यांतून माहिती मिळवून सरकारपुढे मांडलेले दुष्काळाचे वृत्तान्त त्या हालांची साक्ष देतात. १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वेच्या विस्तारावर भिस्त ठेवली. रेल्वेने दूरचे धान्य दुष्काळी भागात आणणे शक्य केले, ही तिची जमेची बाजू आहे. परंतु ज्याच्याजवळ विकत घेण्याला पैसा नाही त्याला स्टेशनावर उतरलेल्या पोत्यांचा काय उपयोग, हा प्रश्न तिच्याकडून सुटणारा नव्हता. धान्य ठेवायचे की धाडायचे हा निर्णय गावाच्या हातातून निसटला, तो याच काळात.

विसाव्या शतकाने पेवावर एकामागून एक घाव घातले. नीरेच्या डाव्या कालव्यासारखे मोठे कालवे १८८५ पासून वाहू लागले होते, आणि अतिपाण्याने जेथे जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली तेथे पेव कोरडे राहणे अवघड झाले. दुसऱ्या महायुद्धात धान्यटंचाई आली, मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि खेड्यांतून सक्तीची धान्यवसुली, जिला लोक लेव्ही म्हणत, होऊ लागली. त्यामुळे जी साठवण कालपर्यंत शहाणपणाची होती ती एकाएकी साठेबाजीचा संशय ओढवणारी ठरली. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये राज्य वखार महामंडळ आणि १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि साठवणीची जबाबदारी गोदामांकडे गेली. १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली, तिने उत्पन्न वाढवले, पण खरिपात येणाऱ्या या ज्वारीचे कणीस अनेकदा पावसात सापडून काळे पडे, आणि असला दाणा पेवात टिकण्याजोगा नसे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन दिवस काढले. त्या वेळी आधार होता तो दुष्काळी कामांचा आणि सरकारी धान्याचा, गावच्या पेवांचा नव्हे. घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या, अंगणातली पेवे बुजवली गेली, आणि नव्या घरांचे पाये खणताना जमिनीतून अचानक एखादी पोकळी उघडी पडे तेव्हाच त्यांची आठवण होई.

पेव एका ठिकाणी मात्र जिवंत राहिले, आणि तेही ज्वारीसाठी नव्हे. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव आणि संगमेश्वराचे देवस्थान म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. या गावाच्या चिवट, घट्ट मातीत खणलेल्या पेवांत सांगलीच्या पेठेतली हळद साठवली जात आली. हळद हा कंद आहे, म्हणजे कंदमुळांचे तळघर हे नाव एका अर्थाने हरिपूरच्या पेवालाच शोभते. फरक इतकाच की येथील कंद शेतातून काढून, शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून, त्याचे हळकुंड झाल्यावरच पेवात उतरते. हळकुंडाला लागणारा भुंगा ही साठवणीतली मोठी अडचण असते, आणि हवाबंद पेवात तो तग धरत नाही. म्हणून भाव येईपर्यंत वर्षानुवर्षे माल थांबवून धरणे व्यापाऱ्याला शक्य झाले. पेवात राहिलेल्या हळदीचा रंग अधिक खुलतो, अशी पेठेतील जाणत्यांची धारणा आहे. पेवे गावकऱ्यांची, माल व्यापाऱ्यांचा आणि भरणी-उपसणी करणारे हात तिसऱ्यांचेच, अशी ही व्यवस्था. खणणे, लिंपणे, भरणे, कंदील सोडून हवा पाहणे ही सारी कौशल्ये त्या हातांमुळेच आपल्या काळापर्यंत पोहोचली.

पण ज्या नद्यांनी हरिपूरला ही माती दिली त्यांनीच तिच्यावर संकट आणले. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि साठवलेली हळद मोठ्या प्रमाणावर कुजून गेली. जमिनीखालचा साठा पूर येताना हलवता येत नाही, हा पेवाचा मूळ दोष त्या वेळी उघड झाला. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला, २०१९ च्या पुराने उरलासुरला विश्वासही डळमळवला, आणि अनेक पेवे पडून राहिली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मालाला त्याच्या भूमीच्या नावाने मान मिळाला, त्याच भूमीत खणलेली त्याची कोठारे याच सुमारास ओस पडत होती, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे.

पेवाचे तत्त्व मात्र कालबाह्य झालेले नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळी साठवण्यासाठी तिहेरी हवाबंद पिशव्या तयार केल्या; आतला ऑक्सिजन संपला की कीड आपोआप मरते, हेच त्यांचे तत्त्व आहे आणि आज अनेक देशांतील लहान शेतकरी अशा पिशव्या वापरतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या पुसा कोठीतही मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून ओल आणि हवा रोखण्याचाच विचार आहे. औषधाविना धान्य जपण्याची निकड जसजशी वाढते आहे, तसतशी या जुन्या ज्ञानाची किंमतही वाढते आहे.

म्हणून पेवाकडे केवळ जुन्या काळची आठवण म्हणून पाहणे पुरेसे नाही. वाढीदिढीचे जग परत यावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु संकटाच्या वर्षाचे अन्न गावाच्या आवाक्यात असावे, हा पेवामागचा विचार आजही तितकाच खरा आहे. हरिपूरची उरलेली पेवे मोजून त्यांचे आराखडे काढणे, त्यांच्या मातीची आणि लिंपणाची तपासणी करणे, आणि ती खणणाऱ्या व भरणाऱ्या वृद्धांकडून त्या कामाची रीत त्यांच्याच शब्दांत लिहून घेणे, ही कामे विद्यापीठांनी, स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि गावांनी मिळून आताच हाती घ्यायला हवीत. रिकामे पेव बुजवायला एक दिवस पुरतो. ते कसे खणायचे हे सांगणारा माणूस एकदा गेला, की ती विद्या कोणत्याही कोठारात सापडत नाही.